खोली घेताना

१

दादानं त्या दुपारी दुकानाचं शटर आतून का ओढून घेतलं होतं?

कौतिकनं हे सगळ्यांना विचारलं. पहारीनं शटर उचकटून आत शिरलेल्या शेजाऱ्यांना विचारलं, दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारलं, पंचनाम्याला आलेल्या हवालदारालाही विचारलं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. तिसाव्या वर्षी पडतं का? पडतं म्हणे. बरं, पडलं. पण शटर? मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली, पंखा बंद करून, कानांना हेडफोन लावून माणूस आतून कडी घालून बसतो कशासाठी?

हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कौतिकनं तो झटकला. त्याला सांत्वन नको होतं, उत्तर पाहिजे होतं. रात्र अशीच गेली आणि सकाळी त्याच्या मायनं, रंभाबाईनं, त्याला जवळ बोलावून दुसरंच काम सांगितलं.

"गावात कोणी मेलं तं त्याचं नाव माह्या पोरानं फिरवलं," ती म्हणाली. "आता त्याचं फिरलं पाहिजे. नीट ऐकू आलं पाहिजे, कौतिक. लोकं आले पाहिजेत."

"येतील," कौतिक म्हणाला. "सगळं गाव आणतो."

२

बुऱ्हाणपुरात माणूस गेलं की रिक्षा फिरते. टपावर दोन भोंगे, आत बॅटरी आणि अँप्लिफायर, आणि भोंग्यातून आवाज: दुःखद सूचना. मग नाव, मग अंत्ययात्रा कुठून निघणार, कोणत्या घाटावर जाणार. आधी हिंदीत, मग मराठीत. लोक हातातलं काम थांबवतात, नाव ऐकतात, आणि ओळखीचं असलं तर चप्पल घालून निघतात. सात वर्षं तो आवाज लीलाधरचा होता. कौतिकच्या दादाचा. पूर्वी कॅसेटवर भरायचा. आता टेप जाऊन जुना कॉम्प्युटर आला होता.

लीलाधरची एक पद्धत होती. सूचना भरायच्या आधी तो पंखा बंद करायचा, सगळ्यांना बाहेर काढायचा आणि माइक चालू करून थोडा वेळ गप्प बसायचा. श्वाससुद्धा रोखून धरायचा. शटर मात्र कधी ओढायचा नाही, थोड्या वेळाचं तर काम. खोलीत कोणी नाही, बोलणं नाही, तरी माइकला काहीतरी ऐकू येतंच: तारांची खरखर, शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट, पत्रा तापल्याचा आवाज. तेवढं आधी भरून घ्यायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हे जे आहे ते पुढच्या आवाजातून काढून टाक. मग खरखर जायची आणि नुसता माणूस उरायचा. याला लीलाधर 'खोली घेणं' म्हणायचा.

"खोली रिकामीच घ्यायची," तो कौतिकला सांगायचा. "तिच्यात जे जाईल ते पुसलं जातं. एकदा माझ्या खोकल्यासकट घेतली, तर 'ख' कुठंच ऐकू येईना. दुःखद सूचनेतलं दुःखच गेलं."

आणि हसायचा. कौतिक पाचवीतून शाळा सोडलेला. भोंगे बांधणं, बॅटऱ्या चार्ज करणं त्याच्याकडे. स्क्रीनवरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणतं बटण काय करतं हे रंगावरून ठाऊक होतं.

म्हणून सकाळी तो उचकटलेल्या शटरखालून वाकून दुकानात गेला, पंखा बंद केला आणि दादाच्या खुर्चीवर बसला. खुर्ची गरम होती. पत्र्याखालची खोली, तापणारच. त्यानं स्वतःला तसं सांगितलं.

त्यानं खोली घेतली. तोंडावर हात दाबून धरला, कारण हुंदका कधी येईल याचा भरवसा नव्हता. हुंदका आला नाही.

मग लाल बटण दाबून त्यानं सूचना भरली. आवाज फाटत होता, पण एका दमात म्हणून टाकली आणि ऐकायला लावली.

आधी खरखर. स्पीकरमध्ये कोणी वाळू चाळत असावं तशी, सगळ्या शब्दांच्या खालून. "दुःखद सूचना. शनवारा येथील रहिवासी..."

इथं खरखर थांबली. साफ शांत. मग पुन्हा सुरू झाली. "...यांचं दुःखद निधन झालं आहे."

नाव नव्हतं.

कौतिकनं पुन्हा भरली. मग पुन्हा, ओरडून. प्रत्येक वेळी खरखर सगळीकडे राहिली आणि नाव तेवढं गेलं.

३

दुकान इतवारा पेठेत, पंडितही तिथलाच. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि लीलाधरसोबत रोज चहा प्यायचा. रडून डोळे सुजलेले, तरी हातात पेचकस घेऊन आला.

"समोरच्या भोकात माइकची पिन लावली असशील," तो म्हणाला. "मागच्या भोकात लाव. समोरचं भोक नुसतं नावाला असतं."

पिन मागं लावली. खरखर तशीच.

"वायर बदल."

वायर बदलली. तशीच.

"अर्थिंग. अर्थिंगच है ये." दोघं मागच्या बोळात गेले. जमिनीत गाडलेल्या सळईभोवती कौतिकनं बादलीभर पाणी ओतलं. परत आले. तशीच.

तेवढ्यात स्पीकर टर्र टर्र टर्र करून उठला. दोघंही दचकले, आणि लगेच कौतिकच्या खिशातला मोबाईल वाजला.

"हे बघ," पंडित सुटकेनं म्हणाला. "मोबाईल खिशात घेऊन बसतो आणि मला बोलावतो. काय म्हणावं तुला."

फोन वहिनीचा होता. उषावहिनी हळू आवाजात बोलत होती, शेजारच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"भाऊजी, सासूबाई रात्रभर नाव घेऊ घेऊ रडल्या. आता नाव नाही घेत. तोंड उघडतात आणि तसंच ठेवतात."

"घसा बसला असंल, वहिनी."

"घशाचं नाही. मला विचारलं त्यांनी, की त्याला आपण काय म्हणायचो."

"तुम्ही सांगितलं ना?"

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मग तिनं ठेवून दिला. नवऱ्याचं नाव बायको सगळ्यांदेखत घेत नाही, म्हणून सांगितलं नसेल. कौतिकनं असं ठरवलं आणि मोबाईल बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला.

स्पीकरची टर्रटर्र गेली. खरखर गेली नाही.

मग लाइट गेली. रोजचीच कपात. बाहेरच्या सगळ्या गल्लीतले पॉवरलूम एकाएकी थांबले, आणि त्या खडखडाटाखाली इतका वेळ झाकलेलं सगळं ऐकू यायला लागलं: दूरचा कुत्रा, नळाचं ठिबकणं, पंडितचं नाकानं श्वास घेणं. कॉम्प्युटर भोंग्यांच्या जुन्या बॅटरीला जोडलेल्या यूपीएसवर चालू होता. लूम नाही, पंखा नाही, मेनची तार नाही. खरखर असायला आता कारण नव्हतं.

ती होती. उलट जवळ आली होती.

पंडितनं पेचकस टेबलावर ठेवला. "तू खोली घेताना बोललास," तो म्हणाला. "त्याचं नाव पुटपुटलास. कॉम्प्युटरला वाटलं, हाच कचरा."

"तोंडावर हात होता माझ्या."

"मग गेलं कसं?"

काल संध्याकाळपासून कौतिकच्या डोक्यात एकच चाललं होतं. दादा, दादा, लीलाधर दादा. खोली घेतानाही तेच चाललं होतं.

"मनात घेत होतो," कौतिक म्हणाला.

"मनातलं माइकला ऐकू येतं होय रे," पंडित हसला. मग त्यानं खोलीची फाईल स्क्रीनवर उघडली आणि हसणं राहून गेलं. खरखरीच्या दाट पट्ट्यात जागोजागी कोऱ्या फटी होत्या. एकसारख्या. एका नावाएवढ्या.

४

"कालची बघू," पंडित म्हणाला. "तुझ्या भावाची. तो शेवटचा बसला तेव्हाची."

कालचीही खोलीच होती. पण लीलाधर थोडाच वेळ खोली घ्यायचा आणि ही सगळी दुपार चालू होती, शटर उचकटेपर्यंत. शटर हिच्यासाठीच ओढलेलं. पंडितनं दादाचे हेडफोन कानांवर चढवले आणि बटण दाबलं.

कौतिक त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आधी पंडितच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग तो मान वळवून मागं बघायला लागला, भिंतीकडे. भिंतीवर दादाचा शर्ट टांगलेला होता. पंडितनं पुन्हा समोर पाहिलं आणि अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या कानावरून काढावेत तसे, हेडफोन काढून ठेवले.

"काय आहे?"

"काही नाही. खरखर आहे."

"मला दे."

"नको लावू, कौतिक. माझं ऐक." पंडितनं चपला शोधल्या. "स्पीकर काढून टाक. रिक्षातून सरळ माइकवर बोल. तुझ्या भावासाठी... अरे काय ते..." त्यानं बोटं चोळली. रोज चहा पिणारा माणूस. "काय यार, आत्ता तोंडात होतं."

"लीलाधर," कौतिक म्हणाला.

पंडितनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याचे ओठ हलतायत पण आवाजच येत नाही.

पंडित गेला. कौतिकनं चिडून स्पीकरची तार उपटली. आवाज गेला, जायलाच पाहिजे होता. मग त्यानं स्पीकरवरची जाळी काढली, आत काही अडकलं असेल म्हणून. आतला काळा कागद धडधाकट होता.

"लीलाधर," तो कागदाला म्हणाला.

आवाज झाला की स्पीकरचा कागद बाहेर उडतो. लहानपणी त्यावर शेंगदाणे नाचवायचा खेळ तो आणि दादा खेळले होते. हा कागद आत गेला. सावकाश, खोल, श्वास ओढल्यासारखा. आणि आतच राहिला.

तार त्याच्या हातात होती.

५

भाईदासनं रिक्षा आणली. भोंगे आधीच बांधलेले होते. भाईदास सात वर्षं लीलाधरची रिक्षा चालवत होता आणि गाव त्याच्या पायाखालचं होतं.

"चार वाजता निघायचं आहे," तो म्हणाला. "अजून एक चक्कर नाही झाली. घराजवळ कुत्रं नाही रे आलं."

"चल. माइकवर बोलतो."

कॉम्प्युटर मागं राहिला होता. इथं नुसता माइक, बॅटरी आणि भोंगे. कौतिक शनवारा गेटजवळ बोलायला लागला आणि भोंग्यातून वाळू चाळल्याची खरखर बाहेर पडली. "दुःखद सूचना. शनवारा येथील रहिवासी..." शांत. "...यांचं दुःखद निधन झालं आहे."

केळीच्या गाडीवाल्यानं मान वर केली. "कोण गेलं, भाऊ?"

"लीलाधर," कौतिक माइक सोडून, उघड्या तोंडानं म्हणाला.

"कोण?"

"लीलाधर. सुकलाल महाजनचा मोठा."

"सुकलालचा मोठा कोण?" गाडीवाला भाईदासकडे वळला. "क्या बोल रहा है ये?"

"अरे आपला रे," भाईदास म्हणाला. "अनाउन्सवाला. आपला... ते..." त्यानं हँडलवर बोट आपटलं. आपटत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. "कौतिक, मला ऊन लागलं वाटतं."

"नाव घे, भाईदास."

"घेतो ना."

"घे मग."

भाईदासच्या डोळ्यांत पाणी आलं. "सात वर्षं झाली रे," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं नाव त्यानं ठेवलं."

कौतिकनं मनात उलट-सुलट करून पाहिलं. दुःखात माणूस विसरतो. उन्हात विसरतो. पंडित घाबरला होता, भाईदासला ऊन लागलं, मायचा घसा बसला, वहिनी लाजली. प्रत्येकाला एक कारण देता येत होतं. सगळ्यांना मिळून एकच द्यायचं त्यानं टाळलं.

त्यानं स्वतः नाव म्हणून पाहिलं. जिभेवर आलं. पण पहिलं अक्षर जरा शोधावं लागलं.

तेव्हा त्याला भीती वाटायची थांबली. राग आला.

"दुकानाला घे," तो म्हणाला.

६

आत गेल्यावर त्यानं दादाची कालची फाईल उघडली नाही. आपली सकाळची खोली मात्र पुसून टाकली. नवी घ्यायची, रिकामी घ्यायची, म्हणजे दादा सुटेल. साधी गोष्ट.

तो बसला. माइक चालू केला. मनात काही आणायचं नाही, असं ठरवलं. भिंतीकडे बघितलं, तिथं शर्ट होता. टेबलाकडे बघितलं, तिथं चहाच्या ग्लासाचं गोल होतं. डोळे मिटले तर आत दादाच होता. त्यानं पुसली, पुन्हा घेतली, पुन्हा पुसली. प्रत्येक वेळी पट्ट्यात त्याच कोऱ्या फटी.

काल मेलेल्या भावाला थोडा वेळ मनाबाहेर उभं राहा म्हणायचं. हे त्याला जमणार नव्हतं. जमलं असतं तरी त्यानं केलं नसतं.

खोली रिकामी राहत नव्हती. तिच्यात काहीतरी जाणारच होतं.

"असं आहे होय," कौतिक मोठ्यानं म्हणाला. तार उपटलेल्या स्पीकरकडे बघून म्हणाला. कागद अजून आत होता, वाट बघणाऱ्या तोंडासारखा. "तुला एक नाव पाहिजेच ना. आमच्याच घरातलं पाहिजे ना. त्याचं नाही मिळत. तो आत्ताच गेलाय, त्याच्याकडे तेवढंच उरलंय. मी जिता आहे. मला नाव नसलं तरी हातपाय आहेत."

खरखर थांबली. स्पीकरला तार नव्हती, तरी थांबली. म्हणजे इतका वेळ ती चालू होती. कुठून, हे त्यानं विचारलं नाही.

त्यानं माइक जवळ ओढला. माइकवर फोमची गोल टोपी होती, दादाच्या बोलण्यानं एका बाजूला झिजलेली. कौतिकनं पुन्हा खोली घ्यायला सुरुवात केली आणि या वेळी तोंडावर हात ठेवला नाही.

"कौतिक," तो म्हणाला. "कौतिक सुकलाल महाजन. घे. कौतिक." मायनं ज्या सुरात हाक मारली होती त्या सुरात म्हणाला. शाळेत मास्तरांनी म्हटलं होतं तसं. दादानं रागावून, दादानं लाडानं. सगळ्या तऱ्हा आठवून आठवून तो म्हणत गेला, एकही मागं ठेवली नाही.

तेव्हा त्याला दिसलं. टोपीच्या पलीकडच्या बाजूला, जिथं कोणी नव्हतं, फोम दबला. आधी वरून, मग खालून. हलकेच. कोणीतरी ओठ टेकवावेत तसा. दबला, ओला झाला, आणि तसाच राहिला.

तो मागं सरकला नाही. "झालं का?" त्यानं विचारलं.

मग लाल बटण दाबून त्यानं सूचना भरली.

७

इतवाऱ्यातून, शनवाऱ्यातून, गेटाबाहेरच्या गल्ल्यांतून रिक्षा फिरली. खरखर नव्हती. लाइट परत आली होती, लूम सुरू झाले होते, आणि त्यांच्या खडखडाटावरून भोंग्यातला फाटका, पोरगेला आवाज शब्द न् शब्द सांगत होता. शनवारा येथील रहिवासी लीलाधर सुकलाल महाजन. केळीच्या गाडीवाल्यानं कपाळाला हात लावला. "अरे, लीलाधर गया क्या?" लूमवरचे लोक हात पुसत बाहेर आले. भाईदास हँडल धरून मोकळेपणानं रडत होता आणि मध्येमध्ये नुसतंच म्हणत होता, लीलाधर, लीलाधर, जसं काही हरवलेलं सापडलं होतं.

"चांगलं भरलं रे," तो मागं वळून म्हणाला. "चांगलं भरलं..." आणि थोडा थांबला. "बारक्या."

मागं बसलेल्यानं मान हलवली.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंडितही आला होता. घरातून मायचा आवाज येत होता, मोकळा, मोठा, भिंतींना भिडणारा. लीलाधर रे, माह्या लीलाधर. पोटातून निघालेलं ते नाव ऐकत धाकटा गल्लीतच थांबला. हेच पाहिजे होतं त्याला.

उषावहिनी दारात उभी होती. "भाऊजी," ती म्हणाली, "या. सगळे थांबलेत." तिला काहीच शोधावं लागलं नाही. वहिनीला कधी लागलंच नव्हतं.

आत तिरडी बांधून झाली होती. मडक्यात विस्तव घातलेला होता आणि ते धरून पुढं चालायला धाकटा भाऊ पाहिजे होता. म्हाताऱ्या लोकांपैकी कोणी म्हणालं, "रंभाबाई, पोराला हाक मारा तुमच्या."

मायनं डोळे पुसले आणि मान वर केली. तिला तो दिसला. दारात, घामानं भिजलेला, तिचाच पोरगा. तिनं हात पुढं केला, तोंड उघडलं, आणि ओठ तसेच राहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी धावायला लागलं, घरभर दिवा घेऊन शोधत फिरणाऱ्या बाईसारखं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

तिला शोधत बसावं लागू नये म्हणून तो गर्दीतून वाट काढत स्वतःच तिच्यापाशी गेला, तिचा पुढं केलेला हात डोक्याला लावला, आणि विस्तवाचं मडकं उचलून सगळ्यांच्या पुढं झाला.